पुढची खोली आणि फळ्यावरची ओळ

मी, श्रीमती रत्नव्वा चन्नाप्पा मगदूम, वय अंदाजे सत्तर, धंदा म्हशी पाळणे, राहणार कसबा बावडा, कोल्हापूर. डोकं जाग्यावर हाय. गुडघे न्हाईत, पण गुडघ्यांवाचून मृत्युपत्र अडत नाही असं वकील म्हणाले. कुणाच्या दाबाखाली न येता हे लिहून ठेवते. मजकूर वकिलांनी बसवला, बोलणं माझं आहे.

मागचं राहतं घर, गोठा आणि दोन्ही म्हशी मुलगा अमरेश यास. थोरली म्हैस फक्त सुनेला, सुष्मिताला, धार काढू देते. तेव्हा तिच्या दुधाचे पैसे सुष्मिताच्याच हातात जावेत.

पाटल्या नात भूमिका हिला. माझी पाटी शेजारीण धोंडुबाईस. मी साक्षरतेच्या वर्गाला बसले तेव्हा "म्हातारपणी कलेक्टर व्हायचंय व्हय?" म्हणाली होती. तिला अजून पाटीची गरज आहे.

पुढच्या खोलीचं खुलाशानं लिहिते, कारण अमरेशला तिथं खताचं गोदाम करायचं आहे.

साक्षरता मोहिमेत त्या खोलीत बायकांचा वर्ग भरायचा. आधी एक मास्तर आले. अख्खा हिवाळा आम्ही अक्षरं गिरवली. कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. घाण्याच्या बैलावानी फिरलो. मग अनुजाबाई आल्या. त्यांनी शिकवायच्या आधी फळ्यावर एक ओळ लिहिली आणि वाचून दाखवली : "आज घरी जाताना प्रत्येकीला डेअरीच्या पावतीवरची फॅट वाचता येईल."

शिकवून झाल्यावर बाई दारात उभ्या राहिल्या आणि एकेकीच्या हातात पावती दिली. सगळ्यांनी वाचली. मी मधलं टिंब गिळलं आणि सहा पॉइंट पाचला पासष्ट म्हणाले.

"अव्वा, म्हैस हाय का लोण्याचा डबा?" मागनं एकजण म्हणाली. बायका हसल्या.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर ओळ तीच. तिसऱ्या दिवशीही. तपासायला आलेले साहेब म्हणाले, "बाई, पुस्तक मागं पडलंय."

"रत्नव्वांना अजून येत नाही, साहेब. ओळ कशी पुसू?"

चारचौघींत नाव घेतलं म्हणून मला राग आला. पण बाईंनी दुधाची मापं मांडली : टिंबाच्या अलीकडं सहा भरलेली, पलीकडं एक अर्धंच. मग डोक्यात शिरलं. पावती बिनचूक वाचली तेव्हा बाईंनी डस्टर माझ्या हातात दिलं.

शहाणी माणसं पुष्कळ बघितली. कुठं पोचायचं ते आधी सांगून, पोचलो का ते दारात थांबून बघणारं माणूस एवढं एकच.

म्हणून पुढची खोली फळ्यासकट गल्लीच्या महिला मंडळास, वर्गासाठी. अट एकच : आज काय यायला पाहिजे ती ओळ शिकवणारानं आधी फळ्यावर लिहावी. अमरेश, तुझा हक्क मी बुडवत नाही. वर्ग सुटताना दारात उभा राहा आणि बाहेर येणाऱ्या बाईला विचार, "आक्का, आज काय शिकायला आलतीस?" तिला सांगता आलं, तर गप घरी जा. महिनाभर एकीलाही सांगता आलं नाही, तर खोली तुझी. पोती खुशाल रच.

ज्याला मिळायचं त्याची साक्ष चालत नाही, म्हणून अमरेश बाहेर बसला आहे. वरचं सगळं मी स्वतः वाचलं आणि या दोघांच्या देखत सही केली.

रत्नव्वा चन्नाप्पा मगदूम

साक्षीदार :
१. केरबा सखाराम चौगुले
२. बाळासो दत्तू उलपे

कसबा बावडा, ११ जून २००४