लागलेली पिल्लं

१२ जून
आले एकदाची! टॅकेट नवरा-बायकोच्या फाटकाशी पोचले तेव्हा व्हर्जिल स्वतः बॅग उचलायला आला आणि ओपलबाईंनी दाट पांढरी ग्रेव्ही आणि घरी भाजलेली मऊ, पावासारखी बिस्किटं इतकी वाढली की ताटावरून उठवेना. पाइनच्या झाडांखालची, चाकांवरची छोटी खोली माझी आहे. खिडक्या उघडतात, नळाला गरम पाणी येतं आणि ड्वेन जन्मात इथवर येणार नाही. घटस्फोटित बाईला याहून जास्त काय हवं?

व्हर्जिल अजगरांची पैदास करतो, त्याच कामाला मला ठेवलंय. मी आजवर कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात काम केलं, हे ऐकून तो म्हणाला, "मग ते सगळं विसर, पोरी. कुत्रं तुला खूश करायला खातं. साप स्वतःलासुद्धा खूश करत नाही." शेडमध्ये भिंतभर खण आहेत. त्यातल्या चौदांमध्ये अंड्यातून नुकतीच निघालेली मधाच्या रंगाची पिल्लं आहेत, अंगभर जाळीची नक्षी. ती खायला लागेपर्यंत त्यांची नावं ठेवायची नाहीत, असा इथला नियम. मी तो लगेच मोडला. नाकावर काळा ठिपका असलेलं एक आहे, ते माझं बटण.

२६ जून
सगळ्यांची पहिली कात पडली, म्हणजे आता पहिला घास. इथे एकच शब्द चालतो : लागलं. सलग तीनदा खाल्लं की पिल्लू 'लागलं', आणि लागल्याशिवाय विकायचं नाही. गिऱ्हाईक कागद मागत नाही, व्हर्जिलचा शब्द घेऊन जातं. त्याच्याकडून गेलेलं एकही पिल्लू परत आलेलं नाही, हे ओपलबाई दिवसातून दोनदा सांगतात.

आमचं मात्र एकही लागेना. गोठवलेलं उंदराचं पिल्लू कोमट करून दिलं, कोंबडीच्या पिसावर घासून दिलं, चिमट्यात धरून नाचवलं, पिल्लाला अंधाऱ्या डबीत त्याच्याशेजारी ठेवून झाकण लावलं. महाराज तोंड फिरवून बसतात. बटण तर उंदराला वळसा घालून कोपऱ्यात गेलं आणि माझ्याकडे पाठ केली. मला हसू आलं, व्हर्जिलला नाही.

८ जुलै
आज वाईट दिवस. हट्टी पिल्लासाठी शेवटचा उपाय म्हणजे उंदराच्या पिल्लाचं डोकं ब्लेडने चिरायचं, आतला वास बाहेर आला की साप घेतो. मी चिरलं. तरीही दोघांनी घेतलं नाही. ओपलबाईंनी ती दोघं पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवली, मटारच्या आणि पीचच्या पाकिटांच्या मध्ये. तोंडाने चर्चमधलं गाणं चालू होतं, त्याचा सूरसुद्धा हलला नाही. मी रडले तर म्हणाल्या, "अगं, थंडीत त्यांना झोप लागते. तुझ्या-माझ्यापेक्षा बरं मरण."

पुढचा नंबर बटणचा, असं व्हर्जिल जाता जाता म्हणाला.

११ जुलै
लागलं! बटण लागलं! अजून दोन घास बाकी आहेत, पण मी लागलंच म्हणते.

चिरताना ब्लेड माझ्या बोटात घुसलं आणि उंदीर माझ्याच रक्ताने माखला. टाकून देणार होते. बटणने मान वर केली, जीभ आत-बाहेर केली आणि झडपच घातली. तो घास गळ्याखाली उतरेपर्यंत मी श्वास घेतला नाही. मग शेडमध्ये एकटीच नाचले.

व्हर्जिलला सांगितलं नाही. उगीच कशाला?

२ ऑगस्ट
बाराच्या बारा लागली. प्रत्येकाला माझा एकेक थेंब. बोटांना पट्ट्या आहेत, विचारलं तर पिल्लं चावतात म्हणते. युक्ती काय केलीस म्हणून व्हर्जिलने विचारलं. धीर धरला, म्हटलं. "हिच्या हाताला गुण आहे," तो बायकोला म्हणाला. कुणीतरी माझ्याबद्दल असं बोलल्याला वर्षं झाली असतील.

२० सप्टेंबर
सापांच्या प्रदर्शनात सगळी विकली गेली. बटणला एका दातांच्या डॉक्टरने नेलं. गाडीत बसून खूप रडले, आणि ओपलबाईंनी कॅटफिश तळून घातला.

१४ ऑक्टोबर
फोन येताहेत. पिल्लं खात नाहीत. वेगवेगळ्या गावांतली वेगवेगळी माणसं, तक्रार एकच. व्हर्जिल प्रत्येकाला शपथेवर सांगतो की माझ्याकडे लागलेलं होतं. फोन ठेवला की भिंतीकडे बघत बसतो. मी जेवायला गेले नाही.

३ नोव्हेंबर
सगळी परत आली. हाडं दिसताहेत. बटणच्या खणात व्हर्जिलने उंदीर धरला, बटण ढिम्म. मी पाणी घेऊन आत शिरले आणि बटणचं डोकं उठलं. मग शेजारच्या खणातलं उठलं. मग भिंतभर, एकामागून एक.

व्हर्जिलने आधी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्या बोटांकडे.

४ नोव्हेंबर
सांगून टाकलं. वाटलं, हाकलून देईल. तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "बाई गं, लावलंस ते खरं. कशाच्या चवीला लावलंस, तेवढं विचारायचं राहून गेलं माझं." ओपलबाईंनी गोड चहा दिला आणि म्हणाल्या की जिने सवय लावली तिनेच सोडवावी. तेही बरोबरच आहे. थेंब कमी कमी करत न्यायचा. पुन्हा विकण्याजोगी होईपर्यंत मी कुठे जायचं नाही, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्या दोघांनी ठरवलं.

१९ डिसेंबर
कमी केला की खात नाहीत. वाढवावाच लागतो. आता बोटांतून पुरत नाही. ओपलबाई दंडातून काढतात, हात हलका आहे त्यांचा. नंतर मला कलेजी खायला घालतात. खाल्ली नाही तर रागावतात.

पिल्लं म्हणणं खोटं आहे आता. इतक्या झपाट्याने कुठलाच साप वाढत नाही म्हणे, पण बटण माझ्याहून लांब झाला.

२२ जानेवारी
आज बटणने रक्ताचा उंदीर तोंडात घेतला. आणि टाकला. उंदराकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या मनगटाकडे—

चौदा टाके पडले. ओपलबाईंनी घरीच घातले, शिवणाच्या दोऱ्याने. व्हर्जिल म्हणाला, पोरगा शहाणा झाला, नकली माल ओळखतो.

३ फेब्रुवारी
उंदीर कुणीच घेत नाही. त्याला काहीही लावलं तरी नाही.

जाते म्हटलं. माझ्या गाडीची किल्ली सापडत नाही. ओपलबाईही माझ्याबरोबर शोधत होत्या. त्यांच्या एप्रनच्या खिशात काहीतरी वाजत होतं.

९ फेब्रुवारी
चर्चमध्ये त्यांनी सांगून टाकलं की मी ड्वेनकडे परत गेले. माझ्यासाठी प्रार्थनाही झाली म्हणे. हे सांगताना ओपलबाईंनी एप्रनने डोळे पुसले. मी समोरच बसले होते. त्यांनी माझा हात हातात घेतला होता.

पळायला हवं. उभं राहिलं की अंधारी येते.

११ फेब्रुवारी
खण पुरत नाहीत म्हणून सगळ्यांना शेडच्या मागच्या खोलीत मोकळं सोडलंय. व्हर्जिल उपाशी सापांवर हात फिरवत होता. उद्या तुला सडकेपर्यंत सोडतो म्हणाला. देव त्याचं—

१२ फेब्रुवारी
जाण्याआधी एवढं पाण्याचं घमेलं आत ठेव, म्हणाला. ठेवलं. मागे कडी लागली.

हाका मारल्या. ओपलबाई दारापाशी आहेत. रडताहेत, खरंच रडताहेत. व्हर्जिल त्यांना समजावतोय— चल, इथे उभी राहू नकोस, कुणी बघत असलं की खात नाहीत ती—

दिवा गेला. निघायचं म्हणून वही खिशातच होती; दाराखालच्या फटीतून येतो तेवढ्या उजेडात लिहिते.

हलायचं नाही. हललं की—

पायावर काहीतरी. जड. गार.

बटण आहे. ठिपका दिसतो. नाव घेतलं त्याचं, हळूच. थांबला. मी वाचवलं ना रे तुला. ओळखलंस ना?

जीभ लावतोय हाताला. ओळखलं. ओळखलं त्याने, म्हणूनच तो मला