वरचा दोर

प्रिय ऑरिन,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र फ्रिजवर ठेवून दिलं असशील आणि तीन दिवसांनी उघडलं असशील. त्याबद्दल मी तुला दोष देणार नाही. अकरा महिन्यांत मी तुला एक फोन केला नाही. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला टेबलाजवळची तुझी खुर्ची उचलून बाजूला ठेवली, आणि आईनं विचारलं तेव्हा म्हटलं, तो यायचा नाही. खरं म्हणजे मी बोलावलंच नव्हतं.

इकडचं सांगते. लॉइड आता काठी घेऊन चालतो. थंडी पडली की कंबर ठणकते, मग दिवसभर कुरकुर. मार्नी सोळा वर्षांची झाली आणि तिनं या शिकारीच्या हंगामात धनुष्य घेऊन झाडावर बसायचं ठरवलंय. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "ममा, बाबा पडले म्हणून मी जमिनीवरच बसून हरणांना हात हलवून दाखवू का?" तिची जीभ तुझ्यावर गेली आहे, हे तुलाही माहीत आहे.

आता मुद्द्याचं. ज्या दिवशी लॉइड त्या ओकच्या झाडावरून पडला, त्या दिवसापासून त्याचं एकच सांगणं आहे: ऑरिननं स्वतः घरी बनवून ख्रिसमसला दिलेला दोर, त्याचीच गाठ सरकली. इस्पितळात सांगितलं, दुकानात सांगितलं, अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला बसून सगळ्या टेबलाला सांगितलं. "डोळ्यांदेखत सरकली, लोण्यातून सुरी जावी तशी." मी ते इतक्यांदा ऐकलं की मलाच ती गाठ दिसायला लागली. ज्या हॉलमध्ये तू दरवर्षी पोरांना झाडावर चढायला शिकवायचास, तिथल्या लोकांनी तुझे दोर परत आणून तुझ्या पायरीवर टाकले, हेही मला कळलं होतं. मी गप्प बसले. मला वाटलं, बरं झालं.

पण मनात एक खुपत होतं. लॉइड घरी आल्यापासून सारखा विचारायचा, "व्हर्ना, इस्पितळातून दिलेली ती पिशवी कुठे आहे?" मी म्हटलं, टाकली. रक्ताचे कपडे कोण ठेवतं? तरी दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, "नक्की टाकलीस ना?" जुन्या पिशवीची इतकी काळजी मी त्याला कधी करताना पाहिलं नव्हतं. आमच्या लग्नाचे फोटो कुठे आहेत हे त्या माणसाला आजही सांगता यायचं नाही. मी टाकली नव्हती. तळघरात लोणच्याच्या बरण्यांमागे सरकवून दिली होती, आणि त्याला तळघराच्या पायऱ्या उतरता येत नव्हत्या. खरं का सांगितलं नाही, ते मलाही नीट माहीत नाही. त्याच्या विचारण्यात काहीतरी होतं.

मागच्या रविवारी मार्नीनं ती शोधून काढली. लॉइडचा तो रुंद कमरपट्टा, तुम्ही लोक ज्याला खोगीर म्हणता, नर्सनं कात्रीनं कापलेला. खोडाभोवती टाकायचा दोर एका बाजूनं पट्ट्याला अडकवलेला, दुसरं टोक मोकळं. आणि पट्ट्याच्या बाजूच्या जाळीच्या थैलीत तुझा दोर. टोकांना तुझा लाल दोरा गुंडाळलेला. घडी घालून, रबर बँड लावून, जसा तू दिलास तसा. त्याच्यावर झाडाच्या सालीचा एक कण नव्हता.

मी मार्नीला म्हटलं, मला नीट समजावून सांग, मी मूर्ख आहे असं समजून. ती म्हणाली, "अगं, चढताना कमरेचा दोर खोडाभोवती असतो. मध्ये फांदी आली की तो वर सरकत नाही, सोडावाच लागतो. पण त्याआधी दुसरा दोर फांदीच्या वर बांधायचा, त्याला अडकायचं, मग पहिला सोडायचा. ऑरिनमामा तर ओरडायचा, जमीन सोडल्यापासून परत जमिनीवर येईपर्यंत एक क्षणही मोकळं राहायचं नाही." बोलता बोलता तिनं थैलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे बाबांनी हा दुसरा दोर बांधलाच नव्हता."

त्याच संध्याकाळी मी ती थैली लॉइडच्या ताटाशेजारी ठेवली. तो पावाला लोणी लावत राहिला. पाव लोण्यानं पुरता भरला तरी लावत राहिला. मग म्हणाला, "एकच फांदी होती, व्हर्ना. दोन सेकंद. वीस वर्षं तशीच ओलांडतोय." मी विचारलं, मग ऑरिनचं नाव का? तर म्हणे, दोर सरकला म्हटलं की लोक पाठीवर हात ठेवतात, दोर बांधलाच नाही म्हटलं की हसतात. एवढंच कारण. माझा भाऊ त्यानं एवढ्यासाठी घालवला, आणि मी घालवू दिला.

पण ऑरिन, माझा संशय इथे थांबत नाही. इस्पितळाच्या त्या कॉरिडॉरमध्ये तू मला एकच विचारलं होतंस, "वरचा दोर झाडाला होता का?" मी तुझ्या अंगावर ओरडले, की तो आत मोडून पडलाय आणि तू स्वतःला सोडवायला बघतोयस. त्यानंतर नर्सनं पिशवी तुझ्या हातात दिली, तू ती उघडून आत पाहिलंस आणि तोंड बांधून मला दिलीस. म्हणजे तुला त्याच दिवशी कळलं होतं. तुझे दोर पायरीवर येऊन पडत होते तेव्हाही तुला माहीत होतं. माझा संसार सांभाळायला तू गप्प बसलास, असं तू म्हणशील. मला ते उपकार वाटत नाहीत. तुम्हा दोघांना माहीत होतं आणि एकटी मीच वेडी होते. याचा राग मी आणखी काही दिवस बाळगणार आहे, हे आधीच सांगते.

माफी मी कागदावर मागणार नाही, समोर येऊन मागेन. पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. येत्या शनिवारी सात वाजता हॉलमध्ये हंगामाआधीची सभा आहे. घरी केलेले दोर का वापरू नयेत, यावर बोलायला त्यांनी लॉइडला बोलावलंय. त्यानं मला शब्द दिलाय की तो उभा राहून खरं सांगेल. माझा त्याच्या शब्दावर विश्वास उरलेला नाही. तो गप्प बसला, किंवा पुन्हा तेच सांगायला लागला, तर मी उठणार आहे. चाळीस लोकांसमोर मी आयुष्यात कधी बोललेली नाही, आणि नंतर त्याच गाडीत बसून त्याच्याबरोबर घरी यायचं आहे. तू ये. मागे दाराशी उभा राहू नकोस, पुढे माझ्याशेजारी बस. त्या खोलीत माझ्या बाजूचं एक तरी माणूस मला हवं आहे.

तुझीच,
व्हर्ना