मेक्सिकोची लाटसाहेबीण

सानपाडा,
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

चि. हिरामण यास पुतळाताईचे पोटभर आशीर्वाद.

गुडघे सोडले तर माझं झकास चाललंय. जासईत सगळे बरे असतील. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला.

रविवारी वाशीला आपल्या सुचिताचं नाटक पाहिलं. लेक तुझी, पण ‘नाटकात नाचायचं तर या घरात पाय ठेवू नको’ म्हणालास, तेव्हापासून माझ्याकडे राहते. म्हणून ‘आपली’ म्हटलं. रागावू नकोस.

अरे, काय ते नाटक! मेक्सिकोवर स्पेनच्या राजाचं राज्य होतं, तेव्हाचं. तिथली बडी घराणी नाटकघरातला सज्जा वर्षभरासाठी भाड्याने घ्यायची. खाली नट घसा फोडतोय आणि वर यांच्या गप्पा, चॉकलेटचे पेले, कोणाची सोयरीक कुठे जमते त्यावर डोळा! म्हटलं, ही तर आपल्याकडची लग्नातली हळदच. माणसं येतात ती बघायला कमी, दिसायला जास्त. रंगमंचावर तसे रेशमी पडद्यांचे सज्जे उभे केलेले. माझं वासलेलं तोंड मिटेना.

मग मधल्या सज्ज्यात लाटसाहेबीण, म्हणजे राजाच्या वतीने तिथला कारभार बघणाऱ्याची बायको, आली. आपली सुचिता! मान अशी, की डोक्यावर भरली घागर ठेवली तरी थेंब सांडू नये. सज्ज्यातले सगळे उठले, आणि मीही उठले. विहीण मांडवात आल्यावर आपण बसून राहतो का? मी उठले म्हणून माझ्या रांगेतल्या आपल्या गावच्या बायका उठल्या. मागून एक गृहस्थ ओरडला, “ओ आजी, बसा ना, दिसत नाय!”

शेजारची विजयमाला खेकसली, “तूच उठ मेल्या, रानी आलीय!”

अर्धं नाट्यगृह उठलं की रे. लोकांना वाटलं, हेही नाटकातलंच.

हसत मी मागे वळले. दाराशी एक माणूस आमच्याही आधीपासून उभा होता. तोंडाला रुमाल, डोळे रंगमंचावर. बहिणीला भावाचे खांदे ओळखू येत नाहीत होय?

मध्यंतरात शोधलं, तर तू पसार. थांबायचंस रे. शेवटी लाटसाहेबीण विचारते, ‘जिला टाळ्या देतो, त्या नटीला आपल्या घरात पाटसुद्धा का नाही?’ तिथे पोरीचा आवाज फाटला. मला ठाऊक, ते नाटकातलं नव्हतं.

रिक्षात तिने विचारलं, “आत्या, बाबा आलेले का गं?”

“मला नाय दिसला,” म्हटलं. तिच्याशी मी कधी खोटं बोलत नाही. पण हे सांगणं तुझं आहे. माझ्या तोंडून शिळं झालं असतं.

येत्या रविवारी पुन्हा प्रयोग आहे. संपल्यावर ती रंग पुसून मागच्या बाजूने बाहेर येते. तिथे थांब. लांबलचक बोलू नकोस, तुला जमतही नाही. फक्त ‘जेवलीस का’ एवढं विचार.

वाट बघणाऱ्या दोघींतली थोरली,
पुतळाताई