रोज रात्री नऊला परदेश

गिरगाव, मुंबई
१२ जानेवारी २०२५

चि. लतिकास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू मनवाचा पगार झाल्याचं सांगितलंस आणि मला मनवाला पडसं झाल्याचं ऐकू आलं. सुचित्राने भाचीसाठी गवती चहाची जुडी बांधून ठेवली, तेव्हा कुठे खुलासा झाला. कानाचं यंत्र मला मानवत नाही, तेव्हा आपलं पत्रच बरं. गिरगावातून दादरला दोन-तीन दिवसांत पोचतं तरी. तुझा फोन पोचूनही पोचत नाही.

इथे सर्व क्षेम. तक्रार एकच. रात्री नऊला आपल्या वाहिनीवर एकांकिका लागायच्या, त्या नव्या वर्षापासून बंद केल्या. आम्ही दोघं जेवायला बसतो ती वेळ. त्या जागी आता ‘अनिश निघाला’ नावाचा कार्यक्रम आहे. हा अनिश म्हणजे मागे एका मालिकेत घरजावई होता तो. तो परदेशात जातो. जाईना का, पण आमच्या ताटासमोरून जातो. हॉटेलच्या खोलीत शिरतो, पडदा सरकवतो आणि ‘वॉव’ म्हणतो. मग गादीवर बसून ती मऊ असल्याचं सांगतो. वाहिनी बदलली तर तिथे एक नवराबायको, दोघंही नट, त्याच गावात त्याच पुलावर उभे. तिसरीकडे एक विनोदी नट आईला घेऊन गेला आहे. माउली थंडीने कुडकुडते आहे आणि हा तिला गोगलगाय खायला घालतो आहे. सुचित्रा म्हणाली, बातम्या लावा. लावल्या. तिथे एका नटीचं मालदीव.

काल अनिश इस्तंबूलला होता. पडद्यामागून एक बाई म्हणाली की इथला वारासुद्धा मराठीत कुजबुजतो. मी घास हातात धरून बसलो. वारा तुर्कस्तानातला. तो मराठीत कशाला कुजबुजेल? हे लिहिणाऱ्याने तो वारा कधी अंगावर घेतला आहे का? आता मी स्वस्थ बसणार नाही. जन्मभर कचेरीत आवक-जावक सांभाळली आहे, तक्रार कुठे आणि कशी द्यायची ते मला कळतं. पुढच्या रविवारपासून सह्या गोळा करणार.

मनवाचा नद्यांवरचा माहितीपट कुठवर आला? मी इथे सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

सकाळी फिरायला जाताना कानाला बांधत जा. तुम्हा मायलेकींवर माझा जीव आहे, एवढं लक्षात असू द्यावं.

तुझा,
दादा


शिवाजी पार्क, दादर
१८ जानेवारी २०२५

ती. दादास कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. गवती चहाही पोचला, त्याला उगाच परत कुठे पाठवायचा म्हणून आम्ही रोज पितो आहोत.

तुझी तक्रार वाचली. दादा, तुझ्या रिमोटला टीव्ही बंद करायचं बटण आहे, लाल रंगाचं. ते दाबलं की सगळे नट आपापल्या घरी येतात. या वयात तू सह्या घेत जिने चढत बसावंस असं मला वाटत नाही. वहिनीलाही वाटत नसणार, पण तिला तू विचारलं नसशील.

शिवाय त्या वाऱ्याच्या वाक्यात एवढं मनावर घेण्यासारखं काय आहे? ज्याने कोणी लिहिलं असेल त्याला वेळ कमी असेल. वरून घाई करत असतील. घरी यायला दहा वाजत असतील, जेवण गार होत असेल. तू लगेच माणसाचं व्याकरण काढतोस.

मनवा बरी आहे. काम चालू आहे. नद्या सध्या थोड्या बाजूला ठेवल्या आहेत. तिची नोकरी वर्षभराच्या खटपटीनंतर लागली आहे, तेव्हा ती काय करते, कसं करते हे मी फार खोदून विचारत नाही, तूही विचारू नकोस. आणि गिरगावभर सांगायची घाई तर मुळीच नको.

वहिनीला नमस्कार. आमच्यावर लोभ कर, सह्या गोळा करू नकोस.

तुझी,
लतिका


गिरगाव
१० फेब्रुवारी २०२५

चि. लतिकास आशीर्वाद.

मोहीम फत्ते. दोनशेच्या वर सह्या झाल्या. पहिली सही खोताच्या वाडीतल्या बेनेडिक्टची. रोमचा भाग होता म्हणून त्याने सगळं घर टीव्हीसमोर बसवलं होतं, म्हाताऱ्या आत्याला चांगला झगा घालून. अनिश अख्खा वेळ आइस्क्रीमच्या रांगेत उभा राहिला आणि चर्च त्याच्या कानामागे थोडंसं दिसलं. बेनेडिक्टने सही करताना पेनाने कागद फाडला.

माझ्या कचेरीतला आनंदा आठवतो ना, लालबागचा? त्याने पूर्ण बिल्डिंगच्या सह्या आणून दिल्या. तो म्हणाला, आमच्या म्हातारेक स्वित्झर्लंड पाठ झाला, पण देवगडाक तिका कोण नेना नाय. समोरच्या जिन्यातल्या एका बाईंनी सही केली आणि उद्याचा भाग कुठला आहे ते मला विचारलं. असेही लोक असतात. सही धरली.

शुक्रवारी आनंदाला घेऊन परळला वाहिनीच्या ऑफिसात गेलो. सगळी काच. आनंदाचे वडील त्याच जागी गिरणीत होते, त्यामुळे तो आत शिरताना चप्पल काढायला लागला, मी थांबवला. स्वागताच्या मुलीने गठ्ठा घेतला, आम्हाला कॉफी दिली आणि अनिशसरांबरोबर फोटो काढायला आलात का, असं विचारलं.

कार्यक्रमात पडद्यामागून जे निवेदन चालतं, त्याच्या भाषेवर मी एक वेगळा कागद जोडला आहे. त्यात वारा आहे, ‘डोंगरांची हिरवीगार शांतता’ आहे, आणि ‘इतिहास इथे श्वास घेतो’ हे चार निरनिराळ्या देशांत आलं आहे तेही दाखवून दिलं आहे. शेवटी लिहिलं की निवेदन लिहिणाऱ्यास मराठी येते, परंतु तिचे काय करावे हे कळत नाही. सुचित्राला हे वाक्य कडक वाटलं. मला नेमकं वाटतं.

मनवाला सांग, मामा अजून कामाचा आहे. माया आहेच, ती तिकडूनही येत राहो.

दादा


दादर
२ मार्च २०२५

ती. दादास सा. न.

अभिनंदन. ‘अनिश निघाला’ शुक्रवारी बंद झाला. त्याच दिवशी मनवाही निघाली. तिला सोमवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

आता लपवण्यात अर्थ नाही. नद्यांचा माहितीपट पैसे संपल्यामुळे पहिल्याच नदीपाशी थांबला, त्याला दीड वर्ष झालं. मनवा त्या वाहिनीत निवेदन लिहायची. वारा तिचाच. डोंगरांची शांतताही तिची. तू गिरगावभर माहितीपट सांगत सुटलास, म्हणून मामाला सांगू नकोस अशी तिने मला शपथ घातली होती.

तुझा गठ्ठा कुणी वाचला की नाही, देव जाणे. तो वेगळा कागद मात्र वाचला. तिच्या वरच्या बाईंनी चहाच्या वेळी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. मनवाने तुझं अक्षर लांबून ओळखलं. लहानपणी तिच्या वहीवर ज्या अक्षरात ‘छान’ लिहायचास, तेच.

सध्या ती भिंतीकडे तोंड करून झोपते. जेवते, पण काय जेवली ते तिला सांगता येत नाही. मी तुझ्याबद्दल वाईट बोलू लागले तर म्हणते, मामाचे मुद्दे बरोबर आहेत. हे मला जास्त लागतं. फोन करू नकोस, ओरडून बोलायची ही गोष्ट नाही.

लतिका


गिरगाव
६ मार्च २०२५

चि. मनवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचं पत्र माझ्याआधी तुझ्या मामीच्या हाती पडलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. वरण वाढते, पण दुरून.

बाळ, मी जे लिहिलं ते व्याकरणापुरतं मागे घेता येणार नाही, ते तुलाही पटत नाही असं नाही. पण ते तुझं आहे हे कळलं असतं, तर मी ते तुला आपल्या स्वयंपाकघरात बसवून सांगितलं असतं आणि वर चहा दिला असता. चार परक्या माणसांनी ते हसत ऐकलं आणि तू तिथे उभी होतीस, हे माझ्या घशाखाली उतरत नाही. रात्री नऊला आता टीव्ही लावत नाही. समोर काळी काच असते, तीत आम्ही दोघं जेवताना दिसतो.

मी परत सह्या गोळा करतो आहे. या वेळी कार्यक्रम पुन्हा सुरू करावा म्हणून. बेनेडिक्टने मला पाणी दिलं, बसवलं आणि ब्लडप्रेशर शेवटचं कधी तपासलं ते विचारलं. मग सगळं सांगितलं. त्याने कागद पुढे ओढला. म्हणाला, पोरीसाठी करतो, पण रोमबद्दल माझं मत तेच आहे. आनंदाच्या बिल्डिंगवाल्यांनी कागद न वाचताच सह्या केल्या. मला वाटतं मागच्या वेळीही तसंच झालं असावं. जिन्यातल्या बाईंनी मात्र खूश होऊन माझे दोन्ही हात धरले.

सोमवारी परळला जाऊन देईन. तुझ्या त्या वरच्या बाईंनाही भेटेन. काय बोलायचं ते सुचलेलं नाही.

तुला माझ्याशी बोलावंसं वाटेपर्यंत मी वाट पाहीन. जीव लावलेला आहे, तो काढून घेता येत नाही.

तुझा,
रघूमामा


दादर
८ मार्च २०२५

ती. रघूमामास सा. न.

आधी महत्त्वाचं: प्लीज, परळला जाऊ नकोस. हे पत्र सोमवारच्या आत पोचावं म्हणून आईने स्वतः गिरगावात येऊन मामीच्या हातात द्यायचं कबूल केलं आहे. तुझा पहिला गठ्ठा मी पाहिला आहे. रिसेप्शनवर कुंडीखाली ठेवला आहे, कुंडी हलत होती म्हणून. दुसरा ठेवायला त्यांच्याकडे कुंडी नाही.

कार्यक्रम तुझ्यामुळे बंद झाला नाही. अनिशला पिक्चर मिळाला. शिवाय तो थकला होता. त्याला विमान लागतं, दर वेळी उलट्या होतात. पडदा सरकवून वॉव म्हणतो ना, तेव्हा आदल्या रात्रभर तो बाथरूममध्ये असायचा. आमच्यात सगळ्यांना माहीत होतं, त्याची बॅगसुद्धा दुसरा कोणी भरायचा.

तुझ्या कागदाचं सांगते. अक्षदामॅडमनी वाचला तेव्हा सगळे हसले आणि मीही हसले. न हसून कसं चाललं असतं? तेच मला लागलं आहे, तू लिहिलंस ते नाही. तू विचारलं होतंस, हा वारा लिहिणाऱ्याने कधी अंगावर घेतला आहे का. नाही रे मामा. माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही. खिडकी नसलेल्या खोलीत बसून मी आठवड्याला तीन देश लिहायचे. त्या दिवशी माइकवर वाऱ्याचा इतका आवाज आला होता की एडिटमध्ये तो निघेना. म्हणाले, यावर काहीतरी शब्द टाक, झाकून जाऊ दे. म्हणून टाकले.

आता बातमी. नूपुर म्हणून एक नटी आहे, तिच्या कार्यक्रमाला लिहिणारं माणूस हवं होतं. हो, तसलाच कार्यक्रम. मी सांगितलं, लिहीन, पण बरोबर न्या. ते नाही म्हणाले. मग त्यांची कपडे सांभाळणारी मुलगी सोडून गेली. आता मी लिहायचं आणि इस्त्रीही करायची, असं ठरलं आहे. मी हो म्हटलं. पासपोर्टचा अर्ज केला. तुला विचारायला हवं होतं का, असं काल रात्रभर वाटत राहिलं.

मामीला सांग, वरण जवळून वाढायला हरकत नाही. पुढच्या रविवारी जेवायला येते. तुम्ही दोघं घरी असा, एवढंच मागणं.

तुझी,
मनवा


गिरगाव
२१ सप्टेंबर २०२५

चि. लतिकास अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघी नाशिकला गेलात आणि नेमका मनवाचा पोर्तुगालचा भाग काल लागला. तिकडे तुम्ही उतरलात त्यांच्याकडची वीज गेली होती असं कळलं. म्हणून इथे काय झालं ते सविस्तर लिहितो.

बेनेडिक्ट आत्याला घेऊन आला. आनंदा लालबागहून मुद्दाम आला. जिन्यातल्या बाई निमंत्रण नसताना आल्या आणि पुढे बसल्या. नऊ वाजता नूपुरने हॉटेलचा पडदा सरकवला आणि ‘वॉव’ म्हणाली. आनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. नंतर तिने टोप्या घालून पाहिल्या, एक ट्राम चुकवली, केक खाल्ला. नूपुरचे कपडे मात्र एकजात कडक इस्त्रीचे होते, हे सुचित्राने दोनदा सांगितलं.

मग समुद्रकाठ आला. काळ्या कपड्यातली एक म्हातारी जाळीच्या फळ्यांवर मासे वाळत घालत होती. नूपुर कुठे दिसेना, बहुतेक टोपी बदलत असावी. निवेदन आलं, ते मी लगेच उतरून घेतलं. “या बाई मासे वाळवतात. किती वेळ लागतो विचारलं. त्या म्हणाल्या, ऊन असलं तर दोन दिवस. आज ऊन नव्हतं. त्यांनी आम्हाला बसायला स्टूल दिलं आणि पुन्हा कामाला लागल्या.” एवढंच. पुढे थोडा वेळ निवेदनही नव्हतं. समुद्राचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. सुचित्राच्या हातातली पोळी तशीच राहिली. आनंदा हळूच म्हणाला की आपली आये अशीच बसायची. पुढच्या मिनिटाला नूपुर नवी टोपी घालून आली आणि पुन्हा गलका सुरू झाला, पण ते चालायचंच.

शेवटी नावं लागली. मी चष्मा पुसून तयार होतो, सुचित्रा टीव्हीला नाक लावून उभी होती, बेनेडिक्टने मोबाइल धरला होता. नावं अशी पळाली की एकही वाचता आलं नाही. मोबाइलमध्ये नुसती पांढरी रेघ आली. बाई म्हणाल्या, त्यांना ‘म’ दिसला. मला त्यांचा हेवा वाटला.

आज सकाळी वाहिनीला पत्र टाकलं. या वेळी सह्या घेतल्या नाहीत, एकट्याचंच आहे. कार्यक्रमाबद्दल तक्रार नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. मागणी एकच आहे: शेवटची नावं सावकाश जाऊ द्यावीत, घरची माणसं वाचत असतात.

तुझा,
दादा