बाबा, मी टॅक्स चोरत नाई

ती. बाबांना दक्षिण सुदानातल्या जुबाहून आकांक्षाचा नमस्कार.

मी बरी आहे. इथं कॉलराची साथ आहे, पण आम्ही पाणी उकळूनच पितो.

धनंजयदादानं फोनवर सांगितलं. केळझरच्या पंगतीत प्रभाकरराव साऱ्यांसमोर म्हणाले, "नत्थूजी, तुमची पोरगी टॅक्स चोरते," अन् तुम्ही भरल्या ताटावरून उठले!

काऊन उठले? संयुक्त राष्ट्रांच्या कायम नोकरीचा माझा पगार कायद्यानंच करमुक्त आहे. माझ्याच तंबूत राहणारी गुंजन कंत्राटावर आहे, म्हणून तिले टॅक्स भरा लागते. त्याले अन्याय म्हणा, मी मान्य करीन. पण चोर?

प्रभाकररावांचं सोडा. घरी येऊन तुम्ही दादाले विचारलं, "पोरीचं सारं सरळ आहे ना?" मले काऊन नाई विचारलं, बाबा?

आईचा गुडघा कसा आहे? फोन तुम्हीच करजा, दादाले कराले लावू नका.

तुमचीच,
आकांक्षा