अनुभवाचा दाखला

प्रिय खारूताई,

चाळिशीला टेकलेल्या बाईला खारूताई म्हणू नये, असं तुझी वहिनी म्हणते. पण लहानपणी पुढचे दोन दात काढून घरभर काहीतरी कुरतडत हिंडायचीस आणि मोठी होऊन दातांच्याच धंद्यात पडलीस, मग मी दुसरं काय म्हणू? फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू मधेच बोलतेस आणि मला विषय बदलायला बरं पडतं. आज बदलायचा नाहीये.

तुझी फाइल अडकल्यापासून मी ज्याला त्याला ते नामांकन समजावत बसलोय. व्हिसा देणार देशाचं सरकार, पण त्याआधी तिथल्या एखाद्या प्रांताच्या सरकारनं लिहून द्यायचं, की ही बाई आम्हाला हवी, हिचं काम जाणणारी माणसं आमच्याकडे कमी आहेत. वय, शिक्षण, भाषेची परीक्षा, सगळ्याला गुण. एखाद्या चोखंदळ सासूच्या सुद्धा एवढ्या अटी नसतील! तू तिथं शिकायला गेलीस तेव्हापासून एकेक करत सगळं जमवलंस. उरला आपल्या कवळ्यांच्या लॅबमधला पाच वर्षांचा अनुभव, आणि नेमकं त्यावरच त्यांनी बोट ठेवलं. अनुभव सिद्ध होत नाही, महिनाअखेरपर्यंत खुलासा करा. नाही झाला तर फाइल बंद, पुढच्या महिन्यात तुला चाळीस पूर्ण, गुण कमी, आणि चंबूगबाळं आवरून नवऱ्या-पोरासकट तुम्ही तिघं परत. माझंच काहीतरी चुकलं असेल दादा, कोणता कागद राहिला बघ ना, असं तू लिहिलंस. ते वाचल्यावर मला जेवण गेलं नाही.

पाच वर्षं सिद्ध होत नाहीत म्हणे! अगं, डिप्लोमा घेऊन तू लॅबमध्ये आलीस त्या पहिल्याच दिवशी माझं टेबल खिडकीपासून हलवून तिथं स्वतःचं लावलंस. दाताची शेड ट्यूबलाइटखाली बघायची नसते, असं मलाच सुनावलंस. मी तेव्हा दहा वर्षं कवळ्या करत होतो. फार राग आला होता. पण आठवड्याभरात मीही नमुन्याचे दात घेऊन गुपचूप खिडकीत जायला लागलो. मग कामं आपोआप वाटली गेली. मी प्लास्टरचे साचे ओतायचे, तू मेणात दात बसवायचे, आणि पॉलिश ज्याचे हात मोकळे त्यानं करायचं.

तू पेशंटकडून त्यांचे जुने फोटो मागवायचीस. कवळीला कसला फोटो, लग्न जमवायचंय का, म्हणून मी चिडवायचो. ती शिवणकाम करणारी बाई आठवते? तिच्या लग्नातल्या फोटोत खालचे दोन दात जरासे एकमेकांवर चढलेले होते, आणि तू कवळीतही ते तसेच चढवलेस. मी कपाळाला हात लावला. बाईंनी आरशात बघितलं आणि ढसाढसा रडायला लागल्या. मला वाटलं, गेलं काम! तर त्या तुझ्या गळ्यात पडल्या. आणि त्या दोन आजोबांची गंमत? मी डब्या बदलून पाठवल्या आणि दोघं एकमेकांचे दात घालून अर्धा तास बसले. घट्ट होतंय पण छान दिसतंय, असं त्यातला एक म्हणाला म्हणे. तू हसून हसून खाली बसलीस आणि मग त्यांच्या डॉक्टरांची माफी स्वतःच मागितलीस. माझं नावसुद्धा येऊ दिलं नाहीस.

तू गेल्यावर लॅब चालू आहे, वाईट चाललीय असं नाही. पण दिवसभर मशीनच्या आवाजाशिवाय काही कानावर पडत नाही. कोणी माझं काम उचलून बघून नाक मुरडत नाही. सुरुवातीला हायसं वाटलं होतं, नंतर करमेना. तुझी आठवण येते गं, सरळच लिहितो.

मागच्या आठवड्यात आपले मास्तर आले. तेच, ज्यांचा ‘स’ म्हणताना शीळ वाजायची म्हणून तू त्यांना लॅबमध्ये बसवून अख्खा पेपर मोठ्यानं वाचायला लावला होतास. तू केलेली कवळी पडून दुभंगली होती. अगदी अशीच हवी, म्हणाले. मी तीनदा केली, तिन्ही वेळा शीळ! शेवटी ते बिचारे अजिजीनं म्हणाले, राहू द्या, त्या बाई कधी परत येणार तेवढं सांगा, मी थांबतो. मला त्यांच्याकडे बघवेना. घरी जाऊन मी तुझ्या वहिनीला सगळं सांगून टाकलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि बरोबरच केलं तिनं.

आता तुलाही सांगतो. तुझा कुठलाही कागद राहिला नव्हता. गेल्या महिन्यात एका सकाळी त्या प्रांताच्या कार्यालयातल्या बाईंचा पडताळणीसाठी फोन आला होता. माझे हात साच्याच्या प्लास्टरनं भरलेले. तुमच्याकडे ती कोणत्या पदावर होती, असं त्यांनी विचारलं आणि मी म्हणालो, पद कसलं, धाकटी बहीण माझी, घरचीच, मदतीला यायची. कोणी तुझं कौतुक केलं की मी नेहमी हेच म्हणायचो ना, तसंच तोंडातून गेलं. त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. इथपर्यंत चूक होती. पण तुझा मेसेज आला तेव्हा मला लगेच उमगलं होतं, एक फोन करून निस्तरता आलं असतं, आणि मी अकरा दिवस तो केला नाही. फाइल बंद झाली तर तू परत येशील, एवढंच मनात होतं. तू तिकडे रडत कागद शोधत होतीस आणि मी इकडे बघतो, बघतो म्हणत होतो. लाज वाटते मला. परवा त्या बाईंना फोन केला, खरं ते सांगितलं. सात डॉक्टरांच्या दारात जाऊन पत्रं आणली, सगळे म्हणाले, काम कोणाचं ते आम्हाला माहीतच होतं. माझ्या सहीचं निवेदनही गेलं, मुदतीच्या आत पोहोचलंय. निर्णय त्यांचा, त्या बाई आत्ताच काही शब्द द्यायला तयार नाहीत. निवेदनात लिहिलंय की पाच वर्षं तू लॅबची मुख्य तंत्रज्ञ होतीस, आणि बरंचसं काम मी तुझ्याकडून शिकलो. हे दुसरं त्यांनी विचारलं नव्हतं. नामांकन मिळालं तर खुशाल जा, मागे बघू नकोस. आणि शिव्या घालायच्या असतील तर निकालाची वाट बघू नकोस, पत्र मिळाल्या मिळाल्या फोन कर. या वेळी मी विषय बदलणार नाही.

तुझाच, अकरा दिवस चुकलेला,
दादा