रुसव्याचे पोहे

४ जानेवारी
आईची पाककृतींची साइट आवरायला घेतली. आई जाऊन वर्ष होत आलं. लोक अजून येतात, हवं ते सापडत नाही म्हणून परत जातात. सापडेल कसं! मेनूतली नावं तिचीच – ‘पाहुणे दारात’, ‘उरलंसुरलं’, ‘जीव कंटाळला’. शेवग्याची आमटी कुठे? तर ‘जीव कंटाळला’मध्ये! आधी हसले, मग रडले.

७ जानेवारी
लावलं सगळं. न्याहारी, जेवण, गोडधोड, उपास. खराडीच्या ऑफिसात रोज लोकांच्या साइट अशाच तर लावते.
संध्याकाळी नाशिकहून अपेक्षाचा फोन. “छान हं ताई. आईला पुसून टाकलंस!” धाकटी असून बोलणं बघा! मीही तोंड सोडलं. तिने फोन आपटला.

१२ जानेवारी
अपूचा फोन नाही. बाबा माझ्याकडेच असतात. गॅलरीत मोबाइल घेऊन बसतात.

१९ जानेवारी
लोकांनी साइटवर काय शोधलं ते पाहिलं. ‘काही सापडलं नाही’च्या खाली पुन्हा पुन्हा एकच – ‘रुसव्याचे पोहे’.
हे तर आमच्या घरातलं नाव! शनिवार पेठेत होतो तेव्हा मी रुसले की जिन्यात जाऊन बसायचे. आई दडपे पोहे करायची, वर ओलं खोबरं सढळ हाताने. समजूत वगैरे काही नाही. बशी शेजारी ठेवायची आणि निघून जायची. बशी रिकामी झाली की रुसवा संपला. साइटवरही तिने तेच नाव दिलं होतं. मी ते बदलून ‘दडपे पोहे’ केलं.
अपूच शोधतेय. बोलायचं नाही, पण शोधायचं! वेडी कुठली.

२० जानेवारी
नव्या मेनूखाली आईची सगळी नावं परत लावली. कुणी काहीही म्हणून शोधा, सापडेल. मग मीच अपूला फोन केला. “शोधत होतीस ना? घे, लावलं परत.”
ती म्हणाली, “मी नाही गं ताई. त्या दिवसापासून मला साइट उघडवतच नाही.”

२१ जानेवारी
शोधणारे बाबा होते; गॅलरीत त्यांच्या मोबाइलवर तेच नाव दिसलं.
“अहो बाबा, मला सांगायचं ना! पोहे करून दिले असते.”
“दोनदा सांगितलं,” चष्मा पुसत म्हणाले. “तू आईची साइट लावत होतीस.”